मदत हवी आहे: जंतू एकच, मग बाबांचं ॲसिड जास्त आणि आत्याचं कमी कसं?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज सांगा. बाबा लालबागला असतात, पहाटे पहाटे पोटात कळ येऊन जाग यायची आणि चहा-बिस्किट पोटात गेलं की बरं वाटायचं. परळला एंडोस्कोपी केली तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर निघाला, काढलेला तुकडा पिवळ्या किटमध्ये टाकला तो थोड्या वेळात गुलाबी झाला आणि डॉक्टर म्हणाले एच. पायलोरी आहे, त्यामुळेच ॲसिड वाढलंय. आता मुलुंडच्या आत्यालाही तोच जंतू, पण तिचा अल्सर जठरात आहे, तिला जेवलं की दुखतं, आणि तिच्या बायोप्सीत अस्तर पातळ झालंय म्हणून ॲसिड कमीच असणार असं तिचे डॉक्टर म्हणतात. मी वाचलं की हा जंतू युरियापासून अमोनिया करून आजूबाजूचं ॲसिड मारतो, मग बाबांचं वाढतं कसं? आणि आत्याचं कमी असेल तर तिला पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, कशाला? मला खरंच काळजी वाटतेय, ओपीडीत एवढं विचारायला वेळच मिळत नाही.

प्रतिसाद १:
ताई, दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. अमोनियाचं कवच जंतूपुरतंच असतं, अख्ख्या जठराचं ॲसिड त्याने कमी होत नाही. खरा फरक सूज कुठे आहे त्याने पडतो. बाबांसारख्यांमध्ये ती जठराच्या खालच्या टोकाला, अँट्रममध्ये जास्त असते, तिथे सोमॅटोस्टॅटिन म्हणजे ॲसिडचा ब्रेक कमी पडतो, गॅस्ट्रिन म्हणजे ॲसिड वाढवणारं हार्मोन वाढतं, आणि वरच्या भागातल्या ॲसिड बनवणाऱ्या पेशी शाबूत असल्यामुळे त्या जोरात कामाला लागतात. ते जादा ॲसिड पुढे आतड्यात उतरतं आणि तिथे अल्सर होतो. आत्यांची सूज जठराच्या मुख्य भागात पसरलेली असणार, तिथे सुजेतली इंटरल्युकिन-१ बीटासारखी द्रव्यं त्या पेशींना दाबतात आणि वर्षानुवर्षांनी ग्रंथीच झडतात. पण अस्तर इतकं कमजोर झालेलं असतं की थोडं ॲसिडही जखम भरू देत नाही, म्हणून गोळी.

जंतू गेला की बाबांचं गॅस्ट्रिन लवकर खाली येतं, ॲसिड उतरायला काही महिने लागू शकतात. आत्यांचं उलट सूज गेल्यावर थोडं वाढूही शकतं, त्याने घाबरू नका. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र बरं वाटलं तरी मध्येच सोडू देऊ नका, आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू खूप आहेत.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, आता डोक्यात नीट बसलं. बाबांचा कोर्स संपत आलाय, जंतू गेला की नाही ते रक्त तपासून कळेल का?

प्रतिसाद १:
नाही, रक्तातल्या अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बरेच महिने राहतात. अँटिबायोटिक संपल्यावर निदान 4 आठवड्यांनी युरिया ब्रीद टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा स्टूल अँटिजेन (शीची तपासणी) करा. त्याआधी 2 आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, पण ती डॉक्टरांना विचारूनच थांबवा. गुडघ्यासाठी वगैरे पेनकिलर चालू असेल तर तेही सांगा. आत्यांची एंडोस्कोपी परत करायची का हे जरूर विचारा, जठरातला अल्सर पूर्ण भरलाय का ते बघावं लागतं आणि अस्तर पातळ झालं असेल तर कॅन्सरची जोखीम वाढते म्हणून लक्ष ठेवतात. दोघांपैकी कुणाला डांबरासारखी काळी शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट कॅज्युअल्टी गाठा. बिस्मथच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्या चालू असतील तर तिथे सांगा, पण घरी अंदाज बांधत बसू नका.