गिटलॅब: पडणाऱ्या जॉबना सरसकट रीट्राय लावावा का?

प्रश्न: गिटलॅब (कोड साठवून तो आपोआप तपासण्याचं आणि सर्व्हरवर चढवण्याचं साधन) वापरतो. त्यातला टेस्ट जॉब, म्हणजे कोड तपासण्याचं आपोआप चालणारं काम, अधूनमधून एक्झिट कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) १३७ देऊन पडतो. शिवाय पाठोपाठ दोन मर्ज झाले (मुख्य कोडमध्ये बदल मिसळले) की दोन डिप्लॉय (नवा कोड चढवणारे जॉब) एकाच वेळी प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, धावतात. सगळीकडे 'रीट्राय: २' (पडलेला जॉब आपोआप आणखी दोनदा चालवणे) लावलं तर भागेल का?

उत्तर १: सरसकट नको. १३७ म्हणजे १२८ + ९, प्रोसेसला सिगकिल (तात्काळ बंद करणारा सिग्नल) मिळाला. बहुतेक वेळा कंटेनरची (जॉब ज्यात चालतो त्या बंदिस्त कप्प्याची) मेमरी संपलेली असते आणि तेवढ्याच मेमरीत जॉब पुन्हा पडणार. आधी मेमरीची मर्यादा वाढवा किंवा समांतर टेस्ट वर्कर कमी करा. रीट्राय ठेवायचाच तर त्याच्या 'व्हेन' अटीत फक्त रनर सिस्टिम फेल्युअर (जॉब चालवणाऱ्या यंत्रणेचाच बिघाड) लिहा. स्क्रिप्ट चुकली तर जॉब लाल दिसायलाच हवा.

उत्तर २: डिप्लॉयच्या टकरीवर उपाय रिसोर्स ग्रुप. डिप्लॉय जॉबला 'प्रॉडक्शन' नावाचा ग्रुप द्या, एका वेळी एकच चालेल. पण एक मेख आहे: ग्रुपचा मूळ मोड क्रम पाळत नाही, त्यामुळे जुना कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) नव्यानंतर चढू शकतो. एपीआयमधून (प्रोग्रॅमद्वारे सेटिंग बदलण्याच्या सोयीतून) मोड 'ओल्डेस्ट फर्स्ट' (सर्वात जुना आधी) करा. जॉबला टाइमआउटही (चालण्याची कमाल वेळ) द्या, १० मिनिटं वगैरे. प्रोजेक्टची मूळ मर्यादा १ तास आहे आणि अडकलेला डिप्लॉय तेवढा वेळ रांग अडवतो.

प्रश्नकर्ता: डेटाबेस मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी पायरी) डिप्लॉयच्याच स्क्रिप्टमध्ये आहे. चालेल?

उत्तर १: वेगळ्या जॉबमध्ये काढा, त्याला रीट्राय शून्य ठेवा. मायग्रेशन अर्ध्यावर तुटलं तर आधी माणसाने टेबलं तपासावीत, मगच हाताने पुन्हा चालवावं.