मदत हवी आहे: साठीनंतर, मधुमेहासह मॅरेथॉनची तयारी, पण उमेद टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी नेरूळची, वय ६१, चौदा वर्षं टाइप २ मधुमेह. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या, आता पहिल्यांदाच पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचं ठरवलंय. पहाटे ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात फेऱ्या मारते, रविवारी पाम बीच रोडने बेलापूरकडे.

मागच्या महिन्यात सोळाव्या किलोमीटरला हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. साखर ६२, म्हणजे खूपच खाली! ग्लुकोजच्या गोळ्या खिशात होत्या म्हणून निभावलं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळीचा डोस कमी केला, धावण्याआधी साखर तपासायला सांगितलं. तेही करते. पण तेव्हापासून रविवारी गजर वाजला की पोटात गोळा येतो. कधी जोरात धावून आल्यावर साखर उलट चढलेली दिसते. यकृत साखर सोडतं म्हणून असं होतं हे कळतं, तरी मन खट्टू होतंच. त्यात मुलगा म्हणतो, "आई, आता पुरे."

मला पुरे करायचं नाहीये.

साठीपुढचे, मधुमेह असलेले कुणी धावताय का? लांब पल्ल्याची भीती कशी घालवलीत? दर किती किलोमीटरला, काय खाता? आणि वाशी-बेलापूर पट्ट्यात माझ्या संथ वेगाने रविवारी सोबत येणारं कुणी असेल तर कृपया कळवा. एकटीने निघायचा धीर होत नाही.