एसएसएचवरून ग्राफिकल प्रोग्राम उघडत नाही, डिस्प्ले रिकामा येतो

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसमध्ये एका लिनक्स संगणकावर साच्यात वितळलेला धातू कसा भरत जातो हे दाखवणारा सिम्युलेशन प्रोग्राम आहे. त्याची विंडो मी रात्री घरच्या उबंटू लॅपटॉपवर एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या साधनाने) उघडून निकाल तपासत असे. त्या संगणकावर अलीकडे डेबियन (उबंटूसारखाच लिनक्सचा एक प्रकार) नव्याने, मोजक्याच पॅकेजेससह बसवले गेले. तेव्हापासून लॉगिन नीट होते, पण प्रोग्राम सुरू करताच ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ असा संदेश येतो. एसएसएचला मोठ्या एक्सचा पर्याय (-X) दिला आहे आणि सर्व्हरच्या, म्हणजे ऑफिसमधल्या संगणकाच्या, कॉन्फिगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग (तिथल्या प्रोग्रामची विंडो इथल्या पडद्यावर आणण्याची सोय) ‘येस’ आहे. विंडो कोणत्या पडद्यावर उघडायची हे सांगणारे डिस्प्ले व्हेरिएबल मात्र रिकामे दिसते. ते हातानेच ‘:०’ असे भरावे का?

उत्तर १:
कृपया हाताने भरू नका. ‘:०’ म्हणजे ऑफिसमधल्या संगणकाचा स्वतःचा पडदा. तुमच्या लॅपटॉपशी त्याचा संबंध नाही. फॉरवर्डिंग जुळले की एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच सांभाळणारा प्रोग्राम) स्वतःच तिथे ‘लोकलहोस्ट:१०.०’ असे मूल्य भरतो आणि पोर्ट ६०१० वर येणारे चित्रांचे संदेश कूटबद्ध मार्गाने तुमच्या लॅपटॉपवर विंडो दाखवणाऱ्या एक्स सर्व्हर या प्रोग्रामकडे पोहोचवतो. मूल्य रिकामे आहे याचा अर्थ हा मार्ग तयारच झालेला नाही. मोजक्या पॅकेजेसचे डेबियन म्हटल्यावर माझा पहिला संशय एक्सऑथवर जातो, कारण ओळख पटवणारी गुप्त खूण, म्हणजे कुकी, लिहिणारा तो छोटा प्रोग्राम सर्व्हरवर नसेल, तर बाकी सगळे बरोबर असूनही एसएसएचडी फॉरवर्डिंग नाकारतो. लॉगिन करताना छोट्या व्हीचा पर्याय (-v) जोडा आणि येणाऱ्या ओळी सावकाश वाचा; नकाराचे कारण तिथे स्पष्ट लिहिलेले असते. एक्सऑथ बसवल्यावर एसएसएचडी पुन्हा सुरू करण्याची गरज नाही, मात्र लॉगआउट करून नव्याने लॉगिन करावे लागेल.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. एक्सऑथ खरोखरच नव्हते. ते बसवल्यावर एक्सक्लॉक हा घड्याळाचा छोटा प्रोग्राम उघडला. परंतु सिम्युलेशन प्रोग्राम वेगळ्या खात्यातून चालवावा लागतो, आणि सुडो (दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने काम करू देणारी आज्ञा) करून त्या खात्यात गेल्यावर ‘राँग ऑथेंटिकेशन’ असा नकार मिळतो.

उत्तर २:
कुकी तुमच्या खात्याच्या होम फोल्डरमधील ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये आहे. दुसरे खाते स्वतःच्या होममध्ये शोधते, तिथे ती सापडत नाही. तुमच्या खात्यात ‘एक्सऑथ लिस्ट’ चालवून चालू डिस्प्लेची ओळ घ्या आणि दुसऱ्या खात्यात ‘एक्सऑथ ॲड’ने तीच भरा. नवे लॉगिन झाले की कुकी बदलते, म्हणून हे दर वेळी करावे लागेल. त्या खात्यात थेट एसएसएचने लॉगिन करण्याची परवानगी मिळत असेल, तर तोच सरळ उपाय ठरेल. ‘एक्सहोस्ट +’ (कोणालाही पडद्याशी जोडू देणारी आज्ञा) करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नका. त्याने लॅपटॉपच्या पडद्यावरची राखण पूर्ण उठते. डेबियन-उबंटूमध्ये मोठा एक्स मुळातच विश्वासू पद्धतीने, म्हणजे मोठ्या वायच्या पर्यायासारखा (-Y), वागतो. पलीकडच्या प्रोग्रामला तुमचे टंकन वाचता येते, तेव्हा हे दार फक्त खात्रीच्या संगणकासाठीच उघडावे.