मदत हवी आहे: ‘पिलरी’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत काय योजावे?

नमस्कार मंडळी,

जुने गोवे या विषयावरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना मी ‘पिलरी’ या शब्दापाशी अडले आहे. लेखात तो एकदा शिक्षेच्या साधनाचे नाव म्हणून येतो आणि पुढे ‘वृत्तपत्रांनी त्या अधिकाऱ्याला पिलरी केले’ अशा आशयाच्या वाक्यात क्रियापद म्हणून.

नामाचा उलगडा होतो. जुन्या फ्रेंचमधील ‘पिलोरी’वरून आलेला हा शब्द म्हणजे खांबावर बसवलेली लाकडी चौकट; तिच्या भोकांत मान आणि मनगटे अडकवून गुन्हेगाराला भर बाजारात उभे करीत आणि जमलेले लोक शिव्यांबरोबर चिखल, कुजकी अंडी असे हाती येईल ते त्याच्यावर फेकत. लेखक डॅनियल डेफो याला १७०३ मध्ये लंडनमध्ये ही शिक्षा भोगावी लागली. इंग्लंडमध्ये ती १८३७ मध्ये कायद्याने बंद झाली, क्रियापद मात्र लाक्षणिक अर्थाने टिकून राहिले.

पोर्तुगीज ‘पेलोरिन्यो’ हा याच शब्दाचा भाऊबंद, पण तिथे चौकट नसून दगडी खांब असतो आणि तो नगराच्या अधिकाराची खूणही मानला जाई. जुन्या गोव्यातला हातकातरो खांब याच प्रकारातला सांगितला जातो. म्हणून नामासाठी तोच शब्द वापरण्याचा मोह झाला होता. परंतु त्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे हात तोडण्याची शिक्षा येईल, चारचौघांतली विटंबना येणार नाही.

क्रियापदाची अडचण याहून मोठी आहे. ‘खोडा’ पायांत असतो, शिवाय ‘खोडा घालणे’ म्हणजे आपल्याकडे अडथळा आणणे. ‘चव्हाट्यावर आणणे’ यात झाकलेले उघड करण्याचा भाव आहे, तर ‘वाभाडे काढणे’ यात टीकेची धार असली तरी बघ्यांची गर्दी नाही. ‘धिंड काढणे’ मला सर्वांत जवळचे वाटते, कारण तेही मुळात शिक्षेतूनच आले. फरक इतकाच, की धिंडीत माणसाला गावभर फिरवतात आणि इथे तो जागच्या जागी खिळलेला असतो. हा फरक क्षुल्लक म्हणून सोडावा, असे मन घेत नाही, कारण हलता न येणे हाच त्या इंग्रजी शब्दाचा गाभा आहे.

‘वृत्तपत्रांनी त्या अधिकाऱ्याची धिंड काढली’ असे लिहिल्यास आपल्याला खटकेल का? गोव्याच्या जुन्या मराठी लिखाणात किंवा घरच्या बोलण्यात, उभे करून अपमान करण्यासाठी एखादा वेगळा वाक्प्रचार कोणाच्या ऐकण्यात असल्यास, तो कोणत्या भागातला हेही कृपया कळवावे.