मदत हवी आहे: कपाटातला जुना कार-जीपीएस बाबांसाठी परत चालू करायचाय

बालाघाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

२०११ साली थोरल्या भावाने गाडीच्या काचेला चिकटवायचा जीपीएस घेतला होता. पाच इंची पडदा, मागे रबरी वाटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाऊ पुण्याला गेला, फोनवर नकाशे आले आणि हा डबा कपाटात गेला तो गेलाच. आता बाबांसाठी बाहेर काढलाय.

बाबा म्हणजे वय ६८, बोअरमधल्या मोटारी काढायचा आणि दुरुस्त करायचा धंदा. आम्ही अंबाजोगाईचे, पण बोलावणं केज, धारूर, वडवणी, पाटोदा कुठूनही येतं. शेतातल्या बोअरला पत्ता नसतो. "पुलाच्या अलीकडं, चिंचेच्या डाव्या अंगाला" एवढ्यावर निघायचं. पूर्वी सगळं डोक्यात असायचं. गेल्या पावसाळ्यात रात्री धारूरच्या बाजूला दोन तास भटकले, फोनला रेंज नाही, आई जागी. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

फोन बटणांचाच आहे आणि तोच राहणार. "स्मार्टफोन घेऊन द्या" हा सल्ला कृपया देऊ नका, दोन दिलेत, दोन्ही आई भजनं ऐकायला वापरते.

आता अडचणी:

पहिली, उपग्रह सापडत नाहीत. घरी गाडीत बसून वीस मिनिटं वाट पाहिली, काही नाही. मग बुद्धपौर्णिमेला केजला जाताना अर्ध्या तासाने एकदाचे सापडले. पण तारीख आली २६ सप्टेंबर २००५! वार मात्र सोमवार, म्हणजे बरोबर. आणि संध्याकाळी चांगला उजेड असताना पडदा आपोआप रात्रीच्या काळ्या रंगात गेला.

दुसरी, मूळ चार्जर बंद पडलाय. फोनचा चार्जर आणि जुनी यूएसबी केबल लावली की पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र येतं आणि गाडं तिथेच अडतं. बॅटरीवर दहा मिनिटंही टिकत नाही.

तिसरी, नकाशा २०१३ चा. धाराशिव शोधलं तर नाही म्हणतो. समृद्धी महामार्ग त्याच्या जन्मी नव्हताच. बीड रस्त्याला अजून 'एनएच टू इलेव्हन' म्हणतो. नवीन बायपासला लागलं की गाडी रानात चाललीय असं दाखवतो आणि वळा वळा करत बसतो. बाबा त्यातल्या बाईच्या आवाजाला चक्क उलट बोलतात: "ही बाई वळ म्हणायली. कुठं वळू, तिथं ऊस हाय."

यात जीव घालण्यात अर्थ आहे का, की भंगारात देऊ?

तारतंत्री

वार बरोबर आणि तारीख चुकीची यातच उत्तर आहे. जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून आठवड्यांत चालते. उपग्रहाच्या मूळ संदेशात आठवड्याच्या आकड्याला फक्त दहा बिट जागा, म्हणजे ० ते १०२३. पुढे परत शून्य. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि ६ एप्रिल २०१९ ला पुन्हा. जुन्या यंत्राला फेरा कितवा हे कळलं नाही की ते बरोबर १०२४ आठवडे मागे जातं. तुमची बुद्धपौर्णिमा १२ मे २०२५ ची. त्यातून १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस वजा करा, २६ सप्टेंबर २००५ च येतो. पूर्ण आठवडे वजा झाले म्हणून वार बदलत नाही.

पडदा लवकर काळा होतो तेही त्यामुळेच. सूर्यास्ताची वेळ तो तारखेवरून काढतो. सप्टेंबरअखेरीस तुमच्याकडे सूर्य मेपेक्षा अर्धा तास आधी मावळतो. सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून 'दिवस' करून टाका. तारखेसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट मिळालं तर घ्या, नाही मिळालं तरी रस्ता दाखवण्यात सहसा फरक पडत नाही.

एक विचारू का? घरी गाडी कुठे उभी असते?

बालाघाटी

पत्र्याच्या शेडात. (आत्ता लक्षात आलं. हसू नका.)

तारतंत्री

हसलो नाही, थोडंच. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, संदेश अगदी क्षीण, पत्र्यातून काय येणार. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राकडे कुठला उपग्रह कुठे आहे याची यादी शिळी असते. ती पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात आणि मध्ये संदेश तुटला की खोळंबा. म्हणून पहिल्या वेळी मोकळ्या रानात गाडी उभी करून गप्प बसायचं. चालत्या गाडीत, झाडांखालून, घाटातून जाताना वेळ लागणारच. काचेला धातूची उन्हाची फिल्म असेल तर तीही आडवी येते.

रानवाट

चार्जरचं सांगतो, माझ्याकडे असाच एक होता. लायटरच्या सॉकेटात जाणाऱ्या भागाचं टोक फिरवून उघडा. आत बोटाच्या पेराएवढी काचेची फ्यूज असते. ९० टक्के तीच गेलेली असते. तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरचीच नवी टाका, जास्तीची नको आणि चांदीचा कागद गुंडाळायचा गावठी इलाज तर नकोच नको.

कॉम्प्युटरचं चित्र येतं कारण काही जुन्या मॉडेलांच्या मूळ चार्जरच्या पिनमध्ये एक बारका रेझिस्टर बसवलेला असतो. त्यावरून यंत्राला कळतं की आपण गाडीत आहोत. साध्या केबलने ते स्वतःला पेनड्राइव्ह समजतं.

बॅटरी मात्र आधी बघा. मागचं झाकण फुगलंय का? मराठवाड्यातल्या उन्हात काचेला टांगून ठेवलेल्या लिथियम बॅटरीचं काही खरं नसतं. फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि टोचून, दाबून बघू नका.

जुनाजाणता

+१. बाकी नकाशाबद्दल: काही मॉडेलांत ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनीच मिळून बनवलेले) मोफत नकाशे मेमरी कार्डवर टाकून चालतात. आधी आतल्या मेमरीची प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा, मग खेळ करा.

शोधताना नावाच्या स्पेलिंगचा घोळ लक्षात ठेवा. जुन्या नकाशांत तुमचं अंबाजोगाई 'अंबेजोगाई' असेल, केजचं 'कैज', बीडचं नुसतं आय लावून 'बिड'. धाराशिवला उस्मानाबाद आणि संभाजीनगरला औरंगाबादच टाकावं लागेल, ही नावं २०२३ ला बदलली. राष्ट्रीय महामार्गांचे आकडे तर २०१० लाच बदलले. २११ चा बीडवरून जाणारा रस्ता आता ५२ आहे. यंत्राला कुणी सांगितलं नाही इतकंच.

पण बोअरसाठी गावाचं नाव लागतंच कशाला? अक्षांश-रेखांश टाका. एक खबरदारी मात्र घ्या. अंबाजोगाई साधारण १८ अंश ४४ मिनिटं उत्तर, ७६ अंश २३ मिनिटं पूर्व. यंत्र दशांशात मागत असेल आणि तुम्ही १८.४४, ७६.२३ टाकलं, तर पस्तीसेक किलोमीटर खाली लातूरकडच्या मुरूडच्या बाजूला जाऊन पडाल. मिनिटांना साठने भागायचं, म्हणजे १८.७३ आणि ७६.३८. आमच्या एका पाहुण्यांची वरात याच हिशेबाने भलत्याच शिवारात गेली होती, नवरदेवासकट.

शहरी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या की. रेंज नसली तरी चालतो.

बालाघाटी

दादा, धागा वरून वाचा.

बालाघाटी

अपडेट देतो. फ्यूजच होती, बसस्टँडसमोर वीस रुपयांत मिळाली. झाकण खरंच फुगलं होतं. ओळखीच्या मोबाइलवाल्याने बॅटरी काढून दिली, सध्या नुसत्या चार्जरवर चालतोय.

रविवारी बाबांना घेऊन योगेश्वरी देवीचं दर्शन केलं आणि तिथून मोकळ्या माळावर गाडी लावली. अकराव्या मिनिटाला उपग्रह सापडले. बाबा शेंगा खात बसले होते, म्हणाले, "मोटार भरायला बी एवढाच टाइम लागतो."

नकाशाचा नाद सध्या सोडलाय. वेगळंच सुचलं. ज्या बोअरवर जातील तिथे उभं राहून 'ही जागा साठवा' करायचं. बाबांच्या वहीत प्रत्येक बोअरची खोली असतेच, तेच नाव द्यायचं. इंग्रजी अक्षरांत 'वड ३२०', 'चिंच २८०', 'मंदिर ४१०'. नऊ झाल्या आतापर्यंत. परत जाताना यादीतलं नाव दाबलं की झालं. जिथे नकाशात रस्ताच नाही तिथे सेटिंगमध्ये 'ऑफ रोड' निवडलं, मग तो नुसता बाण आणि अंतर दाखवतो. बाबांना तेवढंच हवं होतं असं दिसतंय. बाईचा आवाज मात्र बंद करू देत नाहीत.

एकच राहिलं. बॅटरी नसल्यामुळे गाडी बंद केली की यंत्रही बंद, आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू. नवी बॅटरी इथे मिळेना. लातूरला किंवा संभाजीनगरला कुणी बसवून देतं का?

रानवाट

लातूरला मोबाइल दुरुस्तीच्या गल्लीत विचारा, पण जुनी बॅटरी नुसती सांगू नका, फोटो दाखवा. तारा दोन आहेत की तीन ते महत्त्वाचं. तीनवाली असेल तर दोनवाली जोडून चालत नाही, तिसरी तापमानाची असते. जाडी मिलिमीटरमध्ये मोजून न्या. आणि फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.

बालाघाटी

तीन आहेत. जाडी मोजायला बाबांचा व्हर्नियर घेतला, तर म्हणतात, फुगलेली मोजून काय उपयोग, मूळची किती होती ते विचार तुझ्या लोकांना. तर मंडळी, मूळची किती असते?

रानवाट

बाबांना नमस्कार सांगा. बॅटरीच्या वेष्टणावर सहा आकडे असतील, पहिले दोन जाडीचे, दशमांश मिलिमीटरमध्ये. ५० असेल तर पाच मिलिमीटर. पुढचे दोन रुंदीचे, शेवटचे लांबीचे.

बालाघाटी

आहेत! सापडले. उद्या लातूर.