महाराजा सयाजीराव (एम. एस.) विद्यापीठ: महाराष्ट्र बोर्डातून बडोद्यात प्रवेश

प्रश्न: भाचीला बडोद्यात बी.ए. करायचंय. बोर्ड महाराष्ट्राचं. अर्ज थेट विद्यापीठात द्यायचा का? गुजराती यावं लागतं का?

फत्तेगंजकर: माध्यम इंग्रजी. गुजराती रिक्षावाल्यापुरती पुरे! अर्ज मात्र आधी गुजरात राज्याच्या जीकॅस या सामाईक प्रवेश पोर्टलवर. नोंदणी, मग पसंतीक्रम. ऑफर आली म्हणजे प्रवेश झाला असं नव्हे. मुदतीत ती स्वीकारून कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. घोळ होतो नावात: आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. फॉर्मवर गुणपत्रिकेप्रमाणेच लिहा.

मांडवीकाका: परराज्याचं बोर्ड, म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे बोर्ड सोडून दुसरीकडे जात असल्याचा दाखला, लागेल. ते शाळा देत नाही, बोर्ड देतं. निकालानंतर लगेच मागवा. मूळ प्रत जमा होते, आधी तीन-चार झेरॉक्स काढा.

ग्रंथकीडा: प्रवेशानंतर पहिलं काम ग्रंथालयाचं कार्ड. मुख्य ग्रंथालयाला हंसा मेहतांचं नाव आहे, १९४९ मध्ये विद्यापीठ झालं तेव्हाच्या पहिल्या कुलगुरू. संस्कृतची आवड असेल तर विद्यापीठाची संशोधन संस्था, प्राच्यविद्या मंदिर, चुकवू नये. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती तिथलीच. मराठी विभागही आहे बरं का.

फत्तेगंजकर: वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो विसरू नका.