आधी मधलं अंगण ठरवू, कमानी नंतर

काका: आपल्या नवीन घरांची आर्किटेक्टने पाठवलेली चित्रं बघितली का सगळ्यांनी? पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं, मधे कारंजं, एकदम मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखं. मला तर फार आवडलं 👌

ताई: काका चित्रं छानच आहेत पण प्लॅन झूम करून बघा ना, मधली बाग पार्किंगच्या स्लॅबवर आहे आणि घरांची दारं सगळी बाहेरच्या रस्त्याकडे, म्हणजे बागेत मुद्दाम उठून जावं लागणार आणि मग कोणी जात नाही. स्पेनमधल्या कोर्दोबात जुनी घरं बघा, रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत आणि खोल्या सगळ्या आतल्या अंगणात उघडतात, काही ठिकाणी तर चार-पाच घरांत मिळून एकच अंगण. रात्रीची गार हवा तिथे खाली बसते आणि जाड भिंती दुपारपर्यंत ती धरून ठेवतात. पांढरा चुनासुद्धा ऊन परत फेकायला. तिथल्या अंगणांच्या उत्सवाला २०१२ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिलीय

दादा: कारंजं तरी राहू दे

ताई: हवा कोरडी असेल तर गारवा देतं, दमट हवेत काही उपयोग नाही रे. त्यापेक्षा तेच पैसे मातीत घालू. स्लॅबवर मोठं झाड लावायचं तर मीटरभर तरी माती हवी, प्लॅनमध्ये ४५ सेंटीमीटर लिहिलीय, त्यात हिरवळ आणि झुडपंच येणार, सावली कुठून येणार?

वहिनी: मला लॅव्हेंडर आणि रोझमेरी हवंय हां

ताई: चालेल की वहिनी, फक्त पाण्याचा निचरा नीट हवा, मुळाशी पाणी साचलं की कुजतात. तिकडे भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, झाडं त्याच सवयीची. लॉन मात्र नकोच, सारखं पाणी मागतं, खडी आणि फरशीच्या वाटा करू, वर वेलींचा मांडव. बोगनवेल पण लावू, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे पण ऊन भरपूर आणि पाणी कमी असलं तरी मस्त फुलते

काका: आणि गाड्या?

ताई: सगळ्या एका कडेला. मधली जमीन खरी जमीन राहू दे, एवढं एक मिळालं तर कमानी नसल्या तरी चालतील मला

वहिनी: आणि स्वयंपाकघराचं दार बागेकडे पाहिजे, पोरं खेळताना दिसतात. दोन-तीन नळ पण मागा बागेत, नाहीतर पाणी कोणी घालणार नाही

काका: पटलं. पार्किंग कडेला घेऊन नवीन प्लॅन द्यायला सांगतो, तोवर टोकन कोणी भरू नका